बोटाचा खळगा

गोष्ट सन दोन हजार सतरामधली. थंडी सरत आली होती. बाईंना चौऱ्याहत्तरावं लागलं होतं, उस्तादांना अठ्ठ्याहत्तरावं, आणि लेकीने पाठवलेली नवी गादी घरात आली.

बाई म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरबाई. एकतीस वर्षं कानाला पट्टा लावून त्यांनी लोकांची बोलणी जोडून दिली होती. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी गल्लीच्या तोंडी त्या बाईच राहिल्या. उस्ताद त्यांचे यजमान. दोन गल्ल्या सोडून असलेल्या बेकरीत ते चाळीस वर्षं भट्टीवर होते. पहाटे तीनला कामावर जायचे आणि दुपारी बाराला परत यायचे. ते आले की बाई निघालेल्या असायच्या. लोक विचारायचे, "अहो, तुम्हा दोघांची भेट तरी होते का?" बाई म्हणायच्या, "होते की. जिन्यात."

नवी गादी खोक्यात गुंडाळून आली होती. आणणाऱ्या दोघांनी प्लास्टिक कापून ते भेंडोळं पलंगावर उलगडलं. "दोन-तीन तासांत आपोआप फुगेल," असं सांगून, सही घेऊन ते गेले. उस्तादांनी खुर्ची ओढली, पलंगापाशी बसले आणि हात गुडघ्यांवर ठेवून गादीकडे बघत राहिले. गादी खरोखरच वर येत होती. दिसत नव्हतं, पण नजर हलवून पुन्हा पाहिलं की मघापेक्षा वर. तासाभराने त्यांनी हात पुढे केला आणि गादीत बोट रुतवलं. बोट काढलं. खळगा तसाच राहिला आणि मग हळूहळू भरून आला.

"अजून अर्धा तास," उस्ताद म्हणाले.

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या दिवसातलं उस्तादांचं ते पहिलंच वाक्य. "कशाला अर्धा तास?" त्यांनी विचारलं. उत्तर आलं नाही. उत्तरं हल्ली येत नसत.

दोन वर्षं झाली होती. आधी चष्मा विसरला, मग वार, मग शेजाऱ्यांची नावं. मग एके दिवशी उस्ताद बोलायचेच विसरले, म्हणजे अगदीच मुके नाही. "बरं," "असू दे," "पाणी" एवढं चालायचं. पण आधीचा गप्पिष्ट माणूस, जो कामावरून आला की एका भट्टीच्या चार गोष्टी करून सांगायचा, तो गेला होता. डॉक्टर म्हणाले, यावर गोळी नाही. बाईंना ते एक्स्चेंजमधल्या भाषेत कळलं. तार शाबूत आहे, पलीकडे कोणी उचलत नाही.

एक वेळ मात्र राहिली होती. पहाटे पावणेतीन.

त्यांची जुनी गादी स्प्रिंगची, लग्नाच्या वर्षीच घेतलेली. तिच्या मधोमध मोठा खळगा पडला होता. भांडण झालं की दोघं दोन काठांना पाठमोरी झोपायची, आणि उजाडेपर्यंत घसरत घसरत त्या खळग्यात एकमेकांच्या अंगावर यायची. त्या गादीमुळे आमचा संसार टिकला, असं बाई मैत्रिणींना सांगायच्या, आणि ते सगळंच काही थट्टेत नसायचं. उस्ताद कामाला होते तेव्हा पावणेतीनला उठायचे. कुरकुर होऊ नये म्हणून जपून, तसूतसूने. तरी त्यांचं वजन उतरलं की स्प्रिंगा वर यायच्या, बाईंची बाजू कलायची आणि त्यांना जाग यायची. रोज. पण तो बिचारा इतका जपून उठायचा, चपला हातात घेऊन बाहेर जायचा, की बाईंनी कधी डोळे उघडले नाहीत. मिटल्या डोळ्यांनी त्या कडीचा आवाज ऐकायच्या. चाळीस वर्षं त्यांनी झोपेचं सोंग केलं आणि चाळीस वर्षं त्यांना वाटत होतं की आपल्यावर कोणीतरी जीव टाकतंय.

निवृत्त झाल्यावर उस्ताद सकाळी सातपर्यंत झोपू लागले. विसर पडू लागला तेव्हा पावणेतीन परत आले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. आता ते उठून सदऱ्याची बाही शोधू लागले, की स्प्रिंगा वर यायच्या, बाई जाग्या व्हायच्या आणि म्हणायच्या, "अहो, आज सुट्टी आहे."

"असं का?"

"हो. झोपा."

"मग झोपतो. तूही झोप."

एवढंच. पण दिवसभरात एवढंच. उस्ताद पुन्हा आडवे होऊन घोरू लागायचे आणि बाई छताकडे बघत पडायच्या. मग सकाळपर्यंत डोळ्याला डोळा लागायचा नाही. असं वर्षभर चाललं. पाठ धरली, पाय सुजले, दिवसा उभ्या उभ्या पेंग येऊ लागली, आणि डिसेंबरात बाई स्वयंपाकघरात दुधाच्या पातेल्यासकट कोसळल्या. हाड मोडलं नाही, नशीब.

डॉक्टरांनी झोपेवर बोट ठेवलं. लेक दुसऱ्या शहरात, ती फोनवर म्हणाली, "आई, पुन्हा पडलीस ना, तर मी ऐकणार नाही. तुला इकडे आणणार आणि बाबांना देखभाल केंद्रात ठेवणार. चांगली केंद्रं आहेत, मी बघून ठेवलीत."

"दोघांना दोन ठिकाणी?"

"मग काय करू? तूच सांग."

बाईंना सांगण्यासारखं काही नव्हतं. पडायचं नाही, हे एकच हातात होतं. आणि त्यासाठी झोपायला हवं होतं.

गादी निवडली जावयाने. जावई नकाशे काढणारा. लग्नाला होकार देण्यापूर्वीही त्याने कागदाच्या मधोमध रेघ मारली असेल, असा बाईंचा कयास होता. गादीबरोबर त्याने तसाच कागद पाठवला. एका बाजूला फायदे: मेमरी फोम अंगाच्या आकाराने दबतो, म्हणून कंबर-खांद्याला सुख, खोल खळगा पडत नाही, कुरकुर नाही, एकाने कूस बदलली, उठला-बसला तरी दुसऱ्याला कळत नाही. दुसऱ्या बाजूला तोटे: पहिले आठ दिवस वास येतो, उन्हाळ्यात अंग तापतं, थंडीत जरा कडक होते, कडेवर बसून उठताना आधार मिळत नाही, जड आहे, आईंनी एकटीने उचलू नये. खाली लिहिलं होतं, शंभर रात्री वापरून पाहा, नाही पटली तर कंपनी परत नेईल.

बाईंनी कागद फ्रिजच्या दारावर लावला. जुनी गादी टाकून द्यायची होती. त्यांनी ती आणणाऱ्या दोघांकडून कपाटामागे उभी करून घेतली होती आणि लेकीला सांगितलं, टाकली.

पहिल्या रात्री बाई आडव्या झाल्या आणि गादीने त्यांना आत घेतलं. दुसरा शब्द नाही. पाठीखाली, गुडघ्याखाली, मानेखाली जिथे जिथे पोकळी होती तिथे ती येऊन भिडली. त्यांना वाटलं, आता जरा वेळ हे सुख भोगू आणि मग झोपू.

डोळे उघडले तेव्हा उन्हाची तिरीप भिंतीवर होती. सव्वासात.

बाई दचकून उठल्या, म्हणजे उठायला गेल्या. कड खाली दबली आणि त्या पुन्हा मागे पडल्या. शेजारी उस्ताद शांत झोपले होते. बाईंनी त्यांच्या छातीवर हात ठेवून पाहिलं. श्वास चालू होता. मग त्या एकट्याच हसल्या. कितीतरी वर्षांनी त्या सलग आठ तास झोपल्या होत्या.

नव्याची नवलाई नऊ दिवसांची म्हणतात. ही तशी नव्हती. महिना गेला, दीड महिना गेला, बाईंची पाठ सरळ झाली. पायांची सूज उतरली. जिना चढताना मधे थांबावं लागेना. लेक फोनवर खूश. "बघ! मी सांगत नव्हते? आणि बाबा?"

"झोपतात. उठत नाहीत आता."

"म्हणजे दोघांनाही लाभली गादी."

"लाभली," बाई म्हणाल्या.

पण पावणेतीन गेले होते. एवढं मोठं ते दुःख होतं असंही नाही. कोणाला सांगायला गेलं तर त्याने वेड्यात काढलं असतं. चार वाक्यं, तीही रोजची तीच. पण आता पूर्ण दिवसात तेवढीही उरली नव्हती. बाई झोपायच्या त्या विहिरीत दगड पडावा तशा; उठायच्या तेव्हा बाजूला एक माणूस असायचा. तो कधी कुशीवर वळला, त्याला थंडी वाजली का, काही कळायचं नाही. एका पलंगावर दोघं, पण जशी दोन वेगवेगळ्या घरांतली. मधे खळगा नव्हता ना, घसरणार कुठे?

एकदा त्यांनी सकाळी चहा देताना म्हणून पाहिलं, "अहो, आज सुट्टी आहे."

उस्तादांनी कपात पाहिलं. "बरं," म्हणाले.

ते शब्द पहाटेचेच होते. दिवसा त्यांना अर्थ नव्हता.

आणखी एक गोष्ट त्या दिवसांत सुरू झाली होती. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागदात गुंडाळलेला ताजा पाव असायचा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा बाईंना वाटलं, लेकीने लावला. दूध तिनेच लावलं होतं, औषधं तिच्याच सांगण्यावरून घरपोच यायची, जिन्याखालच्या खिळ्याला एक किल्ली पोचवणाऱ्यांसाठी अडकवलेलीच असायची. गादीसुद्धा अशीच न विचारता आली. लेकीचं प्रेम हल्ली खोक्यांतून यायचं. उंटावरून शेळ्या हाकते बिचारी, पण हाकते तरी. विचारावं, तर ती कामात असायची. म्हणून बाईंनी विचारलं नाही. पाव चांगला होता.

बावन्नाव्या सकाळी त्यांनी कागद उलगडला आणि त्या उभ्याच राहिल्या.

पावाच्या पाठीवर तीन तिरपे छेद होते. दोन सारखे लांब आणि तिसरा आखूड, टोकाशी जरा वळलेला. भट्टीत घालण्याआधी प्रत्येक कारागीर पावावर चाकूने छेद देतो, आणि ज्याचा त्याचा हात वेगळा. हा हात बाईंनी चाळीस वर्षं खाल्ला होता. तिसरा छेद आखूड, कारण तरुणपणी उस्तादांचा अंगठा भाजला होता आणि चाकू शेवटी वळायचा.

त्या झोपायच्या खोलीत गेल्या. उस्ताद कुशीवर झोपले होते. बाईंनी त्यांचा हात उचलला. नखांत पीठ. कानामागे पीठ. पलंगाखाली चपला, त्यांच्या तळव्यांनाही.

बाई पावासकट पलंगाच्या कडेवर बसल्या आणि कडेने त्यांना आधार दिला नाही.

दुपारी, उस्तादांना खालच्या शेजारणीकडे बसवून, त्या बेकरीत गेल्या. बेकरी आता चालवत होता कच्चा. वय एकसष्ट, डोक्याला टक्कल, दोन नातवंडं. पण अठराव्या वर्षी त्याने भाजलेला पावांचा पहिला घाणा आतून कच्चा निघाला होता, आणि उस्तादांनी ठेवलेलं ते नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. बाईंनी पाव त्याच्या पुढ्यात ठेवला.

"हे काय आहे?"

कच्च्याने पावाकडे पाहिलं, मग बाईंकडे. "पाव आहे, वहिनी."

"माझ्याशी शहाणपणा नको. हे छेद कोणाचे?"

"बसा ना वहिनी. पाणी देऊ?"

"किती दिवस?"

कच्च्याने टकलावरून हात फिरवला. "दीड महिना झाला असेल. तीनच्या ठोक्याला दारात. मी म्हटलं, उस्ताद, इकडे कुठे? तर मलाच म्हणाले, कच्च्या, पीठ तयार होऊन बसलंय, आणि तू भट्टी पेटवली नाहीस?"

"कुठलं पीठ?"

"तेच मलाही कळेना. म्हणाले, घरी हाताने दाबून आलो. खळगा हळू भरतोय. आता थांबलं तर आंबेल." कच्च्याने फळीवरच्या गोळ्यात बोट रुतवून दाखवलं. "हे असं असतं, वहिनी. लगेच वर आलं तर अजून वेळ आहे. आलंच नाही तर गेलं. हळूहळू आलं, की भट्टीत घालायचं."

बाई त्या गोळ्याकडे बघत राहिल्या. बोटाचा खळगा हळूहळू भरत होता, जावयाच्या गादीसारखा. पावणेतीनला जाग आल्यावर उस्ताद अंधारात हात टेकत असणार, हात रुतत असणार, आणि मग हळूच वर येत असणार. चाळीस वर्षांच्या भट्टीवाल्याला आणखी काय वाटावं?

"मला का नाही सांगितलंत?" बाईंचा आवाज चढला. "रस्त्यात पडले असते तर? लाज नाही वाटली?"

"पहिल्याच दिवशी विचारलं त्यांना, घरी माहीत आहे का. म्हणाले, रोज ती सुट्टी आहे म्हणून सांगते. आज काही बोलली नाही. म्हणजे सुट्टी नाही."

बाई आता बाकावर टेकल्या.

"मला वाटलं, तुम्हीच सोडता," कच्चा म्हणाला. मग मान खाली घालून म्हणाला, "खोटं कशाला बोलू. चार दिवसांनी कळलं, तुम्हाला पत्ता नाही. मी त्यांना सहाला घरी सोडायचो, पाव ठेवायचो, तुम्ही गाढ झोपेत. सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर तुम्ही बंद केलं असतं. आणि इथे ते बोलतात हो, वहिनी."

"बोलतात?"

"काय सांगू! आम्हा सगळ्यांचा उद्धार करतात. आज तर पहिल्यांदाच चाकू मागून घेतला. परवा भट्टीत चिमणी शिरली होती ती गोष्ट सांगितली, पोट धरून हसलो. तुम्हाला ठाऊक असेल."

ठाऊक होती. बाईंनी ती पन्नासदा तरी ऐकली होती. एकावन्नाव्यांदा ऐकायला त्यांनी काय दिलं नसतं! त्या पाव उचलून घरी आल्या. रस्ताभर त्यांना राग येत होता आणि तो कोणावर, हे ठरत नव्हतं. आपण सुखाने झोपलो होतो, शेजारची जागा रोज तीन तास रिकामी होती, आणि आपल्याला तिचा गारवासुद्धा लागला नाही.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. बाईंनी सगळं सांगितलं, कारण असलं लपवणं त्यांना जमेना.

"अरे देवा!" लेक म्हणाली. "आई, आत्ताच्या आत्ता दाराला कुलूप. किल्ली तुझ्या उशाशी."

"आणि गादी?"

"गादीचं काय? गादीने तू बरी झालीस. गादी परत केलीस आणि पुन्हा पडलीस तर? मग केंद्र, आई. मी सांगून ठेवते. बोल लावू नकोस मला नंतर."

"नाही लावत."

बाईंनी कुलूप लावलं. जागं राहायचं, असं ठरवून आडव्या झाल्या, आणि त्या गादीने त्यांना पुन्हा आत घेतलं.

सकाळी उस्ताद पलंगावर नव्हते. ते दारापाशी जमिनीवर बसले होते. सदरा उलटा घातलेला, चपला पायात, पाठ दाराला. पाय थंडगार. किती वेळ बसले होते कोण जाणे. बाईंकडे पाहून ते काकुळतीने म्हणाले, "आंबलं सगळं. वाया गेलं."

"अहो, मला हाक का नाही मारलीत?"

उस्ताद विचारात पडले. "कोणाला?" म्हणाले.

बाईंनी त्यांचे पाय पदराने चोळले, त्यांना खुर्चीत बसवलं, गरम पाणी दिलं. मग फ्रिजच्या दारावरचा कागद काढला. 'एकाने कूस बदलली तरी दुसऱ्याला कळत नाही' ही ओळ फायद्यांतून खोडली आणि पलीकडे तोट्यांत सगळ्यांत वर लिहिली. मग कंपनीला फोन लावला.

"काही तक्रार आहे का?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

"नाही हो. गादी उत्तम आहे."

"मग परत करण्याचं कारण काय लिहू?"

एकतीस वर्षं दुसऱ्यांची बोलणी जोडणाऱ्या बाईंना तिथलेच शब्द सुचले. "लिहा, आवाज पोचत नाही," म्हणाल्या. त्या मुलीने काय लिहिलं, देव जाणे.

तीन दिवसांनी तेच दोघं येऊन गादी घेऊन गेले. तोवर कुलूप होतं, आणि बाई पहाटे खुर्चीत बसून होत्या. कपाटामागची जुनी गादी त्या दोघांनीच बाईंच्या विनंतीवरून पलंगावर घालून दिली. "आजी, ही? हिच्यात तर खड्डा आहे," एकजण म्हणाला. "म्हणून तर," बाई म्हणाल्या.

त्या पहाटे स्प्रिंगा वर आल्या, बाई कलल्या आणि जाग्या झाल्या. पाठीतून कळ निघाली. पण त्या कळेसकट त्यांना आनंद झाला. उस्ताद अंधारात बाही शोधत होते.

"अहो," बाई म्हणाल्या, "आज सुट्टी आहे."

त्या वाट बघत राहिल्या. असं का, हो झोपा, मग झोपतो, तूही झोप. याच चार वाक्यांसाठी त्यांनी आपली झोप देऊन टाकली होती.

"सुट्टी कशी?" उस्ताद म्हणाले. "तीन दिवस दार बंदच होतं की. इतक्या सुट्ट्या दिल्या तर लोक सकाळी खाणार काय? माझं डोकं?"

बाई उठून बसल्या. ते जुने शब्द आता चालणार नव्हते. ज्याच्या नखांत पीठ होतं त्याला सुट्टी कशी पटावी? गादी गेली, झोप गेली आणि ती चार वाक्यंही गेली. मग त्यांच्या ध्यानात आलं, की उस्ताद दोन वर्षांत पहिल्यांदा आपल्याला उलटून नवं काहीतरी बोलले होते. तेही टोमणा मारून.

त्यांनी पाय खाली सोडले. स्प्रिंगच्या गादीची कड कडक. तिने बरोबर आधार दिला. "थांबा," त्या म्हणाल्या, "मीही येते."

"तू कशाला? दमून आली असशील."

"बघून येते एकदा."

रस्त्यावर दिवे होते, माणूस नव्हतं. उस्ताद पुढे, बाई मागे. चाळीस वर्षं तो ज्या वाटेने गेला ती वाट बाईंनी त्या वेळी कधी पाहिली नव्हती. बेकरीत कच्चा आणि आणखी दोघं कामाला लागले होते. कच्च्याने बाईंना पाहिलं आणि हातातली फळी खाली ठेवली.

"वहिनी, तुम्ही?"

"हिला बसायला दे," उस्ताद म्हणाले. "टेलिफोनात असते. हिला मी कधी उठवत नाही. चोरासारखा निघतो. चाळीस वर्षांत एकदाही हिला जाग आली नाही, काय समजलास?"

कच्च्याने बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "नाही आली."

त्या पिठाच्या पोत्यावर बसल्या. भट्टीचा उजेड उस्तादांच्या तोंडावर होता. ते बोलत होते, ओरडत होते, चिमणीची गोष्ट सांगत होते, पण बाईंना नाही, त्या तिघांना. बाईंकडे त्यांचं लक्षही नव्हतं. परक्याच्या लग्नात आल्यासारख्या त्या कोपऱ्यात बसून होत्या, आणि गोष्ट संपली तेव्हा सगळ्यांबरोबर हसल्या. पाच वाजता उस्तादांना त्यांची आठवण झाली. येऊन त्यांनी बाईंचं बोट धरलं, फळीवरच्या गोळ्यात रुतवलं आणि काढलं.

"बघत राहा," म्हणाले. "घाई करायची नाही."

दोघं बघत राहिली.

हे नऊ महिने चाललं. बाई पहाटे त्यांच्याबरोबर जायच्या, पोत्यावर बसायच्या, बाराला त्यांना घेऊन परत यायच्या, दुपारी पेंगायच्या. ऑक्टोबरात त्या बेकरीच्या पायरीवर पडल्या आणि मनगट मोडलं. लेक धावत आली, भांडली, रडली, आणि चौथ्या दिवशी पहाटे स्वतःच बाबांबरोबर बेकरीत जाऊन आली. परत आल्यावर केंद्राचं नाव तिने काढलं नाही. जाताना फ्रिजवरचा कागद मात्र काढून पर्समध्ये घालून घेऊन गेली.

उस्ताद पुढच्या जानेवारीत गेले. पलंगावर नाही, दुपारी बाराला, खुर्चीत, कामावरून येऊन. कच्च्याने दुसऱ्या दिवशी भट्टी पेटवली नाही; बेकरीच्या इतिहासात ती पहिली खरी सुट्टी. दोन वर्षांनी त्याचे गुडघे गेले आणि त्याने बेकरी विकली. तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे. कच्चा मुलाकडे राहतो आणि नातवंडं त्याला कच्चा आजोबा म्हणतात. जावई अजून कागदाच्या मधोमध रेघ मारतो, पण सासूबाईंच्या बाबतीत मारत नाही.

बाई लेकीकडे राहायला गेल्या. जुनी गादी कोणी घेईना. शेवटी भंगारवाल्याने स्प्रिंगांसाठी नेली. लेकीने त्यांच्या खोलीत गादी घातली ती तशीच, मेमरी फोमची, फक्त एकेरी. पाठीला चांगली आहे. बाईंना आठ-आठ तास झोप लागते. पावणेतीनला जाग येत नाही, यायला काही कारणच नाही.

सकाळी जाग आली की त्या लगेच उठत नाहीत. शेजारी, भिंतीकडच्या रिकाम्या बाजूला, गादीत एक बोट रुतवतात आणि काढतात. खळगा पूर्ण भरून आला की मग उठतात. लेक चहाला दोनदा हाक मारते. "आले, आले," बाई म्हणतात. "घाई करायची नाही."